अमरपूरचं लाकूड

क्वीन्सटाउनचा फ्लॅट सोडून आम्ही हार्बरफ्रंटजवळच्या कॉन्डोत, म्हणजे खासगी सोसायटीत, राहायला आलो, तेव्हा बाकीचं सामान दोन तासांत वर चढलं. अडलं ते एक कपाट. जुन्या चिनी शेजारणीने मुलाकडे राहायला जाताना आम्हाला दिलेलं, अस्सल बर्मा टीकचं, म्हणजे ब्रह्मी सागवानाचं, आणि लिफ्टपेक्षा वीतभर उंच. जिन्यातही ते वळेना.

"सुटं करू आणि वर नेऊन जोडू," नवरा म्हणाला. तो जहाजावर सेकंड इंजिनिअर, नुकताच सुट्टीवर आलेला. "भर समुद्रात पिस्टन काढून बसवतो मी. हे तर कपाट!"

पिस्टनबरोबर पुस्तिका मिळते, कपाटाबरोबर नाही. कपाटाला एकही खिळा नव्हता, नुसत्या खाचा आणि लाकडी खुंट्या. सुटलं झटकन. मग तीन दिवस ते हॉलमध्ये जोडलं जात होतं. एकदा दार उलटं लागलं, एकदा कप्पे उताराला लागले. शेवटी सगळं बसलं असं वाटलं, तर चार फळ्या उरल्या होत्या आणि हात लावला की कपाट वाकून नमस्कार करत होतं.

रविवारी आमच्या लॅबमधल्या आंटी नवं घर बघायला आल्या. आंटी म्हणजे आमच्या सीनियर टेक्निशियन, ब्रह्मदेशातल्या. विद्यापीठातल्या आम्हा पोस्टडॉक लोकांना धाक त्यांचाच. मुरवलेल्या चहाच्या पानांची कोशिंबीर त्यांनी टेबलावर ठेवली आणि फळ्यांकडे बघून खो खो हसल्या.

"माझ्या गावातसुद्धा असंच झालं होतं," त्या म्हणाल्या. "फक्त आमच्याकडे कपाट नव्हतं, राजवाडा होता."

त्यांचं गाव मंडालेजवळ. नाव अमरपूर.

"अमर म्हणजे न मरणारा, पूर म्हणजे नगर," मी म्हणाले. "हे तर आमच्याही भाषेत तसंच!"

"माझ्या भाच्यांना हा अर्थ सांगून थकले मी. तुला न सांगता कळलं," आंटी खूश झाल्या. "तर हे न मरणारं नगर दोनदा राजधानी झालं. दोन्ही खेपा मिळूनसुद्धा माणसाच्या एका आयुष्याएवढं टिकलं नाही. मग राजाने मंडालेला नवं शहर वसवायचं ठरवलं. सागवानी राजवाडा सुटा केला, हत्तींवरून नेला आणि तिकडे पुन्हा उभा केला."

"खांबांवर नंबर टाकले असतील," नवरा हिरमुसून म्हणाला.

"आणि त्यांच्याकडे सुतार होते," आंटी म्हणाल्या.

त्याच्याही आधी, राजधानी दुसऱ्यांदा अमरपूरला आली तेव्हा मागच्या राजधानीतल्या वाड्याचे खांब उरले होते. एका अधिकाऱ्याने त्यांचा तळ्यावर लांबच लांब पूल बांधला. लहानपणी आंटी त्याच पुलावरून शाळेत जात. "उरलेलं लाकूड वाया घालवायचं नसतं," असं म्हणून त्यांनी बाह्या सरसावल्या.

तेवढ्यात रत्नागिरीहून आईचा व्हिडिओ कॉल आला. मी आंटींची ओळख करून दिली.

"ब्रह्मदेशच्या का?" आई उत्साहाने म्हणाली. "अगं, त्यांचा शेवटचा राजा आमच्याकडेच नजरकैदेत होता ना! वाडा आहे अजून. सांग त्यांना."

मी सांगितलं. आंटींचा चेहरा बदलला. इंग्रजांनी राजाला मंडालेहून दूर नेलं, हे त्यांना ठाऊक होतं. पण जिथे नेलं त्या गावची बाई अशी समोर, हातात भेंडी चिरायचा चाकू धरून बोलेल, असं त्यांना वाटलं नव्हतं. त्यांनी विचारलं, "त्या वाड्यातून समुद्र दिसतो का?"

मी मराठीत विचारलं.

"दिसतो की," आई म्हणाली. "पण समुद्र पश्चिमेला आणि ब्रह्मदेश पडला पूर्वेला. बिचारा रोज उलटीकडेच बघत बसला असेल."

मी शब्दन् शब्द भाषांतर केलं. आंटींनी मान हलवली आणि त्या नवऱ्याकडे वळल्या, "हातोडी दे."

संध्याकाळपर्यंत नमस्कार करणारं कपाट पुरतं मोडलं गेलं आणि त्याचं एक बाक झालं. आखूड, जाडजूड, न डुगडुगणारं. नवऱ्याने बसून पाहिलं, उभं राहूनही पाहिलं, आणि "ह्याचं डिझाइन माझंच आहे हं" असं म्हणून टाकलं. कपडे मात्र सुटकेसमध्येच राहिले.

पुढच्या आठवड्यात आई रिक्षा करून मुद्दाम राजाच्या वाड्यावर गेली. वरच्या गच्चीतून समुद्राचा फोटो काढून तिने मला पाठवला. निम्म्या फोटोत तिचा अंगठा आहे. आंटींनी तो छापून घेतला आणि लॅबच्या फ्रीझरवर चिकटवला, अंगठ्यासकट. "कापू का तेवढा भाग?" मी विचारलं.

"नको," त्या म्हणाल्या. "आईंना दुसरा काढायला सांग. ह्या वेळी पूर्वेकडे बघून."