तारेखालचा पुंजणा

२०१७ साल. माझं वय बाहत्तर. खळ्यावर धानाच्या पेंड्यांचा पुंजणा, म्हणजे गंजी, रचून राहिलो होतो, अन् गोंदियाहून फोन आला की भाची वनिता गेली. किडन्यांचं दुखणं जुनं होतं, तरी पेंडी हातातच राहिली... शेजारचा सोमाजी म्हणाला, "चाल, मी सोडून देतो." मी म्हटलं, आधी पुंजणा झाकतो. लोकांनी नावं ठेवली. ठेवोत. उघडा टाकून गेलो असतो तर तिनंच झापलं असतं.

मी चौथीपर्यंतच शिकलो, पण हे मीच लिहितो आहे, कोणाकडून लिहून घेतलेलं नाही. वनिता माझ्या बहिणीची पोरगी. गोंदियाच्या शाळेत विज्ञान शिकवायची. आमच्याकडे मामा भाचीच्या पाया पडतो. मी सरपंचापुढे वाकलो नाही, साहेबापुढे वाकलो नाही, पण ती फ्रॉकात होती तेव्हापासून तिच्यापुढे वाकत आलो. मोठी झाल्यावर ती म्हणायची, "मामा, पाया पडता अन् आयकत काईच नाही माहं!"

खरंच नाही ऐकलं. देवरीहून चिचगडकडे जाताना आमचं गाव लागतं. माझ्या खळ्यावरून विजेची मोठी तार गेली आहे. पुंजणा तारेखाली रचू नका, असं ती दर दिवाळीला सांगायची. मी म्हणायचो, "खळा माह्या बापाचा हाय. तार मागून आली. तिले सरकाव."

मग एका वर्षी सोमाजीचा पुंजणा जळाला. त्याचं खळं माझ्या खळ्याला लागून, त्याच तारेखाली. वर्षभराचं धान राख झालं. वीज ऑफिसचा साहेब आला, त्याला दोन्ही खळ्यांमधल्या धुऱ्यावर, बांधावर, माझ्या बिडीचं थोटूक सापडलं, अन् आग लावणारा मी ठरलो. मी सांगितलं, खांबावर ठिणगी उडते, तडतड मी कानानं ऐकली आहे. साहेब म्हणाला, "सबूत है क्या, बाबाजी?" सोमाजी बोलेनासा झाला. ज्याच्यासोबत चिखलात उभं राहून धानाच्या बांध्या रोवल्या तो मला पाहून रस्ता बदलायचा. मी मुद्दाम त्याच्या दारावरून खाकरत जायचो. चोरासारखा मी काऊन चालू?

वनितेला कळलं तेव्हा तिनं मला धीरबीर काही दिला नाही. म्हणाली, "तुमी पुंजणा हालवत नाही ना? मंग मी सबूत आणतो." पुढच्या हंगामात ती एक पेटी घेऊन आली. आत बोटाच्या पेराएवढी चिप, मायक्रोकंट्रोलर म्हणतात तिला, अन् बाहेर एक लांब वायर. ठिणगी उडाली की रेडिओत खरखर येते ना, तीच खरखर ती वायर पकडायची, अन् पेटी लाल दिवा लावून ओरडायची. पेटी खळ्याच्या कडेच्या मोहाच्या झाडाला बांधली. मी साहेबाला बोलावलं, गाव गोळा केलं. पेटी ओरडली! मी मिशीवर हात फिरवला... अन् तेवढ्यात सोमाजीनं येऊन आपली लूना मोपेड बंद केली, तशी पेटी गप्प. पुन्हा सुरू केली, पुन्हा ओरडली. साहेब पोट धरून हसला. "अरे बाबाजी, ये तो लूना पकड रही है!"

मी चिडलो. वनिता नाही चिडली. पेटी सोडून पिशवीत घातली, म्हणाली, "लूनातबी ठिणगीच उडते, मामा. पेटी खोटी नाही बोलली. तिले वळख शिकवा लागते." काही दिवसांनी परत आली. मला समजावलं: तारेची ठिणगी एका ठेक्यात उडते, सेकंदाला शंभर वेळा, तो ठेका बदलत नाही. लूनाची मूठ पिळली की तिचा ठेका बदलतो. आता चिप ठेका मोजून मगच ओरडणार होती.

दाट धुई पडली, धुक्यानं खांब ओला झाला, त्या सकाळी पेटी ओरडायला लागली. साहेब आला, त्यानं स्वतः सोमाजीची लूना पेटीखालून नेली, मूठ पिळून पाहिली, अन् शेवटी लाइन बंद करायला सांगितली. लाइन बंद, पेटी बंद. लाइन सुरू, पेटी सुरू. लाइनमन खांबावर चढला तर तार धरणारी चिनी मातीची वाटी तडकलेली, काळी पडलेली. साहेबाचं तोंड पाहण्यासारखं झालं. सोमाजी माझ्याजवळ येऊन उभा राहिला. मी सगळ्यांदेखत ऐटीत बिडी पेटवली, तर वनितेनं ती ओढून पायाखाली चिरडली. "पुंजण्याजवळ नाही, मामा! आता मी खरंच तुमच्यावर केस करन!" सोमाजी हसला. वर्षभरानं हसला.

वाटी बदलली, तरी पेटी झाडावरच राहिली. वनिता दरवर्षी येऊन बॅटरी बदलायची अन् पुंजण्यावरून भांडून जायची...

तेरवीला तिच्या शाळेचे हेडमास्तर म्हणाले, पेटी द्या, काचेच्या कपाटात फोटोजवळ ठेवतो. चांगला माणूस, पण मी नाही म्हटलं. "फोटोजवळ ठेवाले पेटी का मेली हाय?" म्हटलं.  

दुसऱ्या दिवशी सकाळी मी पेटीत नवी बॅटरी घातली. सोमाजीला लूना आणायला लावली. तो मूठ पिळत मोहाखालून दोनदा गेला. पेटी फसली नाही. मी वाकून झाडाच्या बुडाला हात लावला, पाया पडलो. ऐकलं मात्र आजही नाही. पुंजणा तारेखालीच आहे.