डोकं टेकायला जागा

देवाकडे काही मागावं की मागू नये, याबद्दल माझं मन कधीच नीट ठरलं नव्हतं. म्हसवडचा सिद्धनाथ आमचं कुलदैवत. वर्षातून एकदा जायचं, गुलाल-खोबरं उधळायचं, प्रसाद घेऊन परत यायचं. पण हात जोडले की काय बोलावं ते मला सुचत नसे. ते खातं माझ्या बायकोकडे होतं. मी लष्करात आयुष्य काढलेला माणूस, हवालदार म्हणून निवृत्त झालो. अडचण आली की अर्ज करायचा आणि तो मंजूर होईपर्यंत पाठ सोडायची नाही, एवढंच मला येत होतं. बायकोला गर्भाशयाचा कॅन्सर निघाला तेव्हा मी देवाकडेही तेच केलं. त्या अर्जाचं पुढे काय झालं, ते लिहून ठेवावं असं बरेच दिवस मनात आहे.

डॉक्टरांनी तिला मिरजेला शेक घ्यायला सांगितले होते. ते त्याला रेडिएशन म्हणत, तिथल्या बाकड्यांवर बसलेली आम्ही सगळी माणसं शेकच म्हणायचो. आठवड्यातले पाच दिवस, असे सहा आठवडे. आमचं गाव कडेगावच्या बाजूला. मुलगा माझ्यासारखाच फौजेत, लांब सरहद्दीवर. सांगलीत विश्रामबागेत एक खोली बघतो म्हटलं, तर तिनं ऐकलं नाही. दिवसभर कुठंही न्या, पण झोपायला मला माझ्या घरात आणा, असं तिचं म्हणणं होतं. एसटीच्या धक्क्यांनी तिच्या ओटीपोटात कळा यायच्या, म्हणून आम्ही सकाळची पॅसेंजर धरायला लागलो. गाडीला वेळ लागे, पण हादरे कमी.

रोज त्याच गाडीनं जायला लागल्यावर माझं डोकं चालू झालं. नोकरीत मी देशातल्या बऱ्याच गाड्यांमधून हिंडलो होतो, त्यामुळे कुठं काय चांगलं असतं ते मला ठाऊक होतं. मी एक वही केली. फलाट जिथं ठेंगणा आहे तिथं दाराला एक पायरी जास्त हवी. दाराच्या आत आडवी दांडी हवी, म्हणजे अशक्त माणसाला दोन्ही हातांनी धरून चढता येईल. मिरजेला दवाखान्यात जाणारे एवढे पेशंट असतात, तर प्रत्येक डब्यात एक बाक आडवं होण्यापुरतं लांब आणि त्यांच्यासाठी राखीव हवं. संडासाची कडी बाहेरूनही उघडता यावी, कारण आत कुणाला घेरी आली तर काय करणार. आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे बाकाच्या पाठीला डोकं टेकायला मऊ जागा हवी. ही शेवटची सूचना मी तीनदा लिहून पाठवली. बायको खिडकीशी बसायची, तिला ग्लानी यायची आणि डोकं कलंडून खिडकीच्या गजावर आपटायचं. मी टॉवेलची घडी लावायचो, ती घसरायची. स्टेशन मास्तर भला माणूस होता. मला लांबून बघितलं की सूचनांचं रजिस्टर तोच पुढे करायचा. बायको म्हणायची, यांना स्वर्गात जरी नेलं तरी आधी तिथं तक्रारवही कुठं आहे ते विचारतील. तेव्हा ती हसत होती.

दिवाळी जवळ आली तशी ती खंगत चालली. खाल्लेलं पोटात राहीना. डॉक्टर आधी पुढच्या महिन्याचं बोलायचे, ते आता उद्याचंच बोलायला लागले. मग मी माझा अर्ज केला. आमच्या सिद्धनाथाचं उभं नवरात्र असतं. दिवाळीच्या पाडव्यापासून तुळशीच्या लग्नापर्यंत बारा दिवस, व्रत धरणारा माणूस खाली बसत नाही की आडवा होत नाही. दूध आणि फळं उभ्यानंच घ्यायची. झोप म्हणजे आढ्याला दोर बांधायचा, त्यावर गोधडीची घडी टाकायची आणि तिच्यावर छाती टेकून डोळे मिटायचे. माझ्या चुलत्यांनी ते केलेलं मी लहानपणी बघितलं होतं. मी मनात म्हटलं, नाथा, बारा दिवस मी बसणार नाही, त्याच्या बदल्यात हिला जगव. मी बसलो तर व्रत मोडलं, आणि व्रत मोडलं तर ती गेली, इतका सरळ हिशेब मी मांडला होता. पहाऱ्यावर उभं राहण्यात माझी हयात गेली होती, त्यामुळे हे आपल्याला जमणार याची घमेंडही होती. तिला सांगितलं तेव्हा ती गप्प राहिली. मला वाटलं, तिला भरून आलं.

व्रत सुरू झालं आणि एक गोष्ट झाली, जी मला तेव्हा दिसली नाही. रिक्षात बसता येत नाही म्हणून मी तिला शेजाऱ्याच्या रिक्षात घालून स्टेशनवर पाठवायचो आणि मागून चालत जायचो. ती फलाटावर एकटी बसलेली असायची. मिरजेत उतरल्यावर पुन्हा तेच. ती रिक्षानं पुढे, मी चालत मागे. माझी वाट बघत ती दवाखान्याच्या दारात भिंतीला धरून उभी असायची. गाडीत तिच्या शेजारची जागा रिकामी असली तरी मी समोर वरची दांडी धरून ताठ उभा. पाय सुजून चपलेत मावेनात, म्हणून चप्पल सोडली. लोक कौतुकानं बघायचे, एकदोघांनी पायाला हात लावला. खोटं कशाला बोलू, मला ते आवडलं.

सहाव्या दिवशी येताना ती मला म्हणाली, "आवं, जरा हितं बसा की माज्याजवळ." मी म्हटलं, पाचसहा दिवसांचा तर प्रश्न आहे, तुझ्यासाठीच चाललंय सगळं. तिनं मान हलवली आणि खिडकीबाहेर बघत राहिली. तिनं पुन्हा विचारलं नाही. आज ते आठवलं की जीव नकोसा होतो.

नवव्या दिवशी सकाळी गाडीला बऱ्यापैकी गर्दी होती. आमच्या डब्यात एक म्हातारी होती, ऐंशीच्या पुढची असावी. अंगावर जुनं हिरवं लुगडं, काखेत गाठोडं. बोलण्यात कळलं की ती म्हसवडकडची, माण भागातली, लेकीकडे आली होती आणि नात मिरजेला बाळंत झाली म्हणून रोज डबा घेऊन जात होती. माझे अनवाणी सुजलेले पाय बघून तिनं लगेच ओळखलं आणि नाथाचं उभं नवरात्र का म्हणून विचारलं. मी हो म्हटलं. कशासाठी, तेही सांगितलं. ती माझ्याकडे न बघता बायकोकडे बघत होती. बायकोला ग्लानी आली होती. गाडी वळणावर आली, डोकं कलंडलं आणि गजावर आपटलं. मी वाकून टॉवेल सारखा करायला लागलो आणि सवयीनं म्हातारीला सांगायला लागलो, की या बाकांना डोकं टेकायला सोय पाहिजे, मी तीनदा लिहून दिलंय, कुणी मनावर घेत नाही.

ती मला मध्येच थांबवून म्हणाली, "बाबा, पाय देवाला दिलंस, बरं केलंस. पन तिला टेकायला तुजा खांदा हाय की. त्यो कुटं ठेवलास?"

व्रत मोडेल, एवढंच मी कसंबसं म्हटलं. मोडलं तर ही जाईल, हे तोंडातून निघालं नाही, पण तिला ते कळलं असावं. तिनं गाठोडं बाकाखाली सरकवलं, उठली आणि मी धरलेली दांडी धरायला हात वर केला. हात पोचेना, तेव्हा बाकाची कड धरली. "तुजं ऱ्हायल्यालं चार दिस मी हुबी ऱ्हाते. नाथ माजा बी हाय. त्याला मी सांगते. तू बस तिच्यापाशी."

मी त्या क्षणी काय विचार केला ते मला आठवत नाही. विचार केलाच नसेल. पहाऱ्यावर दुसरा शिपाई आला की पहिल्यानं जागा सोडायची असते, तेवढंच माझ्या अंगाला कळलं. मी बसलो. नऊ दिवसांनी गुडघे मोडले तेव्हा इतकं दुखलं की डोळ्यांत पाणी आलं. बायकोनं डोळे उघडले, मला शेजारी बघितलं आणि काहीही न विचारता डोकं माझ्या खांद्यावर ठेवलं. सांगली आली, गेली, मिरज येईपर्यंत ती शांत झोपली होती. तिचं वजन किती कमी झालंय ते मला त्या दिवशी पहिल्यांदा समजलं. तिच्यासोबत मी रोज जात होतो, पण नऊ दिवस तिच्या अंगाला अंग लागलं नव्हतं.

पुढचे तीन दिवस ती म्हातारी सकाळी त्याच डब्यात दिसली. डबा अर्धा रिकामा असायचा, तरी ती दाराजवळ उभी असायची. घरीही ती तशीच राहत होती की काय, हे विचारायचं धाडस मला झालं नाही. मी नमस्कार केला की ती नुसती मान हलवायची आणि बसून राहा अशी हातानं खूण करायची. तुळशीच्या लग्नादिवशी, म्हणजे म्हसवडला देवाचं लग्न लागतं त्या दिवशी, तिनं बायकोच्या कपाळाला गुलाल लावला आणि मिरजेला गर्दीत उतरून गेली. त्यानंतर ती दिसली नाही. नात घरी गेली असेल, दुसरं काय. तिचं नाव आम्ही विचारलंच नाही. त्यात चमत्कार होता असं मी म्हणत नाही. ती कुणाची तरी आजी होती, एवढंच मला ठाऊक आहे.

त्या गाडीत आम्ही दोघं मग रोज बोललो. लग्नात तिनं मला बघितलं तेव्हा माझ्या मिशा बघून तिला रडू आलं होतं, हे मला चाळीस वर्षांनी कळलं. मी फौजेत असताना पत्र यायला उशीर झाला की ती एकटीच म्हसवडला जाऊन यायची, हेही. तुम्ही सुखरूप आलात, म्हणून माझं नाथाकडे आता काही येणं नाही, असं एकदा म्हणाली. शेकाच्या शेवटच्या दिवशी तर तिनं मला दमच भरला, की मी गेल्यावर देवाशी भांडत बसायचं नाही.

शेक पुरे झाले, पण रोग आधीच पोटभर पसरला होता. मार्गशीर्षात ती गेली. मी भांडलो. देव्हाऱ्यासमोर उभा राहून नको ते बोललो. बारा दिवस पुरे झाले होते, आठ माझे, चार कुणा परक्या म्हातारीचे म्हणा, पण पुरे झाले होते, आणि तरी माझा अर्ज फेटाळला गेला होता. तो राग उतरायला पुष्कळ दिवस लागले, अजूनही पुरता उतरलेला नाही. पण हळूहळू एक कळलं. मी नाथाला सांगत होतो की तू काय करावंस, आणि माझ्या बाजूनं काय देणार तेही मीच ठरवलं होतं. तिला काय हवंय ते मी विचारलंच नव्हतं. तिनं स्वतःहून सांगितलं तेही ऐकलं नाही. नाथानं तिला जगवलं नाही, पण मला वेळेवर बसवलं. नाही तर मी ताठ उभा राहून तिला एकटीला जाऊ दिलं असतं, आणि मोठं काही केलं या समाधानात उरलेला जन्म काढला असता.

ती गेली ती सकाळची वेळ होती. मी भिंतीला पाठ लावून बसलो होतो आणि तिचं डोकं माझ्या खांद्यावर होतं. श्वास कधी थांबला ते मला नीट कळलंही नाही. भावकीतली माणसं जमली, बायकांनी रडायला सुरुवात केली. एक चुलतभाऊ खाली वाकून हळूच म्हणाला, "दादा, उठा आता. पुढचं बघाय पायजे." मी त्याला म्हटलं, "जरा बसू दे रं." तो थोडा वेळ घुटमळला, मग त्यानंच सगळ्यांना बाहेर नेलं आणि दार ओढून घेतलं. बराच वेळ मला कुणी उठवलं नाही. तेवढं बसणं मला मिळालं, आणि ते नाथानंच दिलं असं मी मानतो.