मेनर्ट, घरी सराव करू नका

रोझविता क्यूनेल व्हायोलिन वाजवीत नसे. ती व्हायोलिन वाचत असे. लाइप्झिगमधल्या एका संगीत-प्रकाशनसंस्थेत ती एकतीस वर्षे मुद्रितशोधक होती. जुन्या रचनाकारांच्या चिकित्सक आवृत्त्या काढणे हे त्या संस्थेचे काम. रचनाकाराच्या हातचे पान समोर घ्यायचे. पुढच्या शे-दीडशे वर्षांत नकलकारांनी, प्रकाशकांनी, थोर थोर वादकांनी त्यावर चढवलेली पुटे एकेक करून उतरवायची. आणि त्याने लिहिले तेच, तेवढेच, वादकाच्या हाती ठेवायचे. मूर्तीवरची शेंदराची खोळ गळून पडावी आणि आतले डोळे दिसावेत, तसे ते काम. रोझवितासाठी ती नोकरी नव्हती, सेवा होती.

पण सेवेला नैवेद्य काय मिळाला? सात खंड तिच्या हाताखालून गेले आणि सातही खंडांत छापून झाल्यावर एक पिवळट चिठ्ठी घालावी लागली, शुद्धिपत्राची. पान अमुक, ओळ अमुक, असे नसून असे वाचावे. सात खंड, सात शुद्धिपत्रे! आता आठवा खंड, दोनशे वर्षांपूर्वीच्या वेंडलिंगरची तंतुवाद्य-चतुष्के, म्हणजे चार तंतुवाद्यांनी मिळून वाजवायच्या रचना. मार्चमध्ये ती निवृत्त होणार होती. आयुष्यात एक खंड, एकच खंड, त्या चिठ्ठीवाचून बाहेर पडावा, एवढेच तिचे मागणे होते. सोमवारी सकाळी नऊला प्रुफे छापखान्यात जायची होती. आज शनिवार.

संस्थेची एक रीत होती. छापण्याआधी चार वाद्यांची चार स्वरपत्रे हौशी वादकांकडून वाजवून घ्यायची; डोळ्याला जे दिसत नाही तिथे हात अडखळतो म्हणून. ही चौकडी दुपारी चार वाजता रोझविताच्या दिवाणखान्यात बसली. पहिल्या व्हायोलिनवर दंतवैद्य ट्राउटलोफ्ट, त्याहून जरा मोठ्या व्हिओलावर रोझविताची शाळासोबतीण इर्मट्राउट, खर्जाच्या चेलोवर ऑर्गनचे सूर जुळवणारे आनर्ट. दुसऱ्या व्हायोलिनचे नेहमीचे वादक प्योच रस्त्यातल्या ओल्या पाचोळ्यावरून घसरून मनगट मोडून घेऊन बसले होते. त्यांच्या जागी डॉक्टरांनी आपला एक रोगी आणला होता.

"हे हार्टविग मेनर्ट. ट्राम चालवायचे," डॉक्टर म्हणाले. "तीस वर्षं माझ्यासमोर तोंड उघडून बसतात, पण व्हायोलिन वाजवतात हे एकदाही बोलले नाहीत."

"तुमची बोटं तोंडात असताना बोलणार कसा, डॉक्टर?" मेनर्ट म्हणाले.

ते ट्राम कामगारांच्या वाद्यवृंदात होते. मिरवणुकीच्या धुना आणि नाचाचे वॉल्ट्झ, बस. वेंडलिंगर त्यांनी कधी वाजवला नव्हता. रोझविताच्या कपाळावर आठी चढली. अशा दिवशी, अशा पानांवर, नवशिका!

वादन सुरू झाले. ती मांडीवर हस्तलिखिताची छायाचित्रे घेऊन, हाती पेन्सिल धरून बसली. मंद गतीच्या दुसऱ्या भागात एक जागा होती. तिथे पहिले व्हायोलिन चढत चढत शिखरावर येते आणि एक मात्रा थांबते. निःशब्द. वेंडलिंगरने तो विराम स्वतःच्या हाताने, ठळक शाईने लिहिला होता. पण जुन्या छापील प्रतींनी तिथे स्वर लांबवून ती पोकळी भरून टाकली होती, आणि पिढ्यान् पिढ्या ती भरलेलीच वाजत आली होती. त्या एका मात्रेच्या मौनासाठी रोझविता अकरा वर्षे भांडली होती. संपादकांशी, प्राध्यापकांशी, पत्रांतून, सभांतून. शेवटी विराम छापला गेला. आज ती तो कानांनी ऐकणार होती.

डॉक्टर शिखरावर आले आणि स्वर लांबवून पुढे गेले.

"डॉक्टर! विराम!"

"आहे का? हो की. चुकलं माझं."

पुन्हा वाजवले. पुन्हा लांबवले. तिसऱ्यांदा डॉक्टरांनी डोळे मिटून घेतले आणि स्वर असा काही ओढला की इर्मट्राउटला हसू आवरेना.

"तुम्ही कागद वाचताय की आठवण?" रोझविता कडाडली. "मी अकरा वर्षं कशासाठी घालवली? तुमच्या डोळ्यांसमोर छापून ठेवलंय, आणि तुम्ही डोळे मिटताय!"

"अगं रोझविता, बारा वर्षांचा होतो तेव्हापासून वाजवतोय हे. ही बोटं आता माझंसुद्धा ऐकत नाहीत."

"मग त्यांना घरी ठेवून यायचं होतं!"

"बोटं घरी ठेवली तर दात कोण उपटणार?" इर्मट्राउट म्हणाली.  आनर्टांनी केकचा तुकडा उचलला.

पुढे सरकले. तिसऱ्या भागाच्या मध्यावर एकदम असा कर्कश आवाज उठला की आनर्टांचा गज थबकला.

"मेनर्ट, कोमल! तिथं कोमल आहे," डॉक्टर ओरडले.

"नाही हो."

"अहो, उभं लाइप्झिग तो स्वर कोमल वाजवतं!"

"वाजवत असेल. इथं चिन्ह नाही." मेनर्टांनी शांतपणे गजाचे टोक कागदावर टेकवले. "सिग्नल नाही दिसला तर मी थांबत नाही, बाई. सवय आहे."

रोझविता तणतणत उठली. यांना साधे कागदावरचे दिसत नाही आणि वर वाद घालतात! पान अकरा, ओळ तिसरी. तिने बोट ठेवले. स्वराआधी काहीच नव्हते. छायाचित्रात पाहिले. तिथे कोमलाचे चिन्ह होते, गोंडस, गोल पोटाचे, दोनशे वर्षांपूर्वी शाईने रेखलेले. कागदावर ते नव्हते.

नऊ वेळा वाचले होते तिने हे पान. नऊ वेळा तो स्वर तिच्या कानात कोमलच वाजला आणि कानाने डोळ्याला सांगितले, आहे, आहे, पुढे चल. सप्टेंबरच्या चाचणीत प्योचही हेच पान वाजवून गेले होते, निर्मळ, निर्दोष, कोमल लावून. डॉक्टरांची बोटे आणि तिचे डोळे यांत फरक तो काय? तिला स्वतःचा असा राग आला की पेन्सिलीचे टोक कागदावरच मोडले.

"म्हणजे मी बरोबर होतो?" मेनर्टांनी विचारले.

"तुम्ही चुकीचं बरोबर वाजवलंत. सगळ्यांनी कॉफी प्यायला आत जा. मेनर्ट, तुम्ही बसा."

तिने त्यांच्याकडून दुसऱ्या व्हायोलिनचे सगळे स्वरपत्र एकट्याने, सावकाश वाजवून घेतले. मग पहिल्या व्हायोलिनचे. आणखी एक चूक सापडली, दोन स्वर जोडणारी एक निसटलेली कमान. तिच्या अंगात उत्साह संचारला. तिने व्हिओलाचे पत्र त्यांच्यापुढे ठेवले.

"हे मला येत नाही, बाई. व्हिओलाचे स्वर वेगळ्या रेघांवर बसतात. मला व्हायोलिनचेच कळतात."

"काही म्हणजे काही नाही?"

"ट्राम रुळावरच चालते."

मग निदान व्हायोलिनची पत्रे पुन्हा, ती म्हणाली. उद्या सकाळी दहाला या. आणि दारापर्यंत पोचवताना बजावले, "मेनर्ट, घरी सराव करू नका. गुणगुणू नका. रेडिओसुद्धा लावू नका."

"बायको विचारेल, कुठली शिक्षा झाली म्हणून."

रविवारी मेनर्ट आले, बसले, वाजवू लागले. पान अकरावर रोझविताने मुद्दाम दुरुस्ती केली नव्हती. मेनर्ट तिसऱ्या ओळीशी आले आणि त्या चिन्ह नसलेल्या कागदावरून त्यांनी तो स्वर वाजवला, हळुवार, गोड, कोमल.

 मेनर्टांनाच उमगले. त्यांनी व्हायोलिन खाली केले.

"मी गुणगुणलो नाही हो. ते झोपेतच आलं बहुधा."

"जा तुम्ही," ती म्हणाली. "तुमचा दोष नाही. वेंडलिंगरचाच आहे. असं लिहून ठेवलंय की एकदा ऐकलं की माणूस कामातून गेला."

दुपारचा एक वाजला होता. व्हिओला आणि चेलो उरले होते, आणि ही चाल न जाणणारा डोळा या घरात एकही उरला नव्हता. तिचे स्वतःचे डोळे तर पन्नास वर्षांचे भक्त! भक्ताला देवाच्या कपाळीचा टिळा पुसला गेला तरी दिसत नाही. त्याच्या मनातला देव तर टिळा लावूनच उभा असतो. मग प्रेम बाजूला कसे ठेवायचे? ज्याच्यासाठी डोळे शिणवले, त्याला अनोळखी कसे करायचे?

तिने व्हिओलाचे पत्र उलटे मांडले. शेवटचे पान वर. शेवटच्या स्वरावर पेन्सिल टेकवली आणि उजवीकडून डावीकडे, मागे मागे, सुरुवातीकडे, एकेक खूण छायाचित्रांशी ताडत वाचू लागली. चाल बनेना. दोन स्वर जुळून येऊ पाहत आणि तुटत. जिथे आजवर जीव रंगून जायचा तिथे नुसते ठिपके होते, रेघा होत्या, शाई होती. इतके कोरडे, इतके कंटाळवाणे वाचन तिने जन्मात केले नव्हते. मध्येच सवयीने ओठांवर सूर येई. ती ओठ चावून तो आत ढकली आणि स्वतःलाच शिव्या देई. अंधार पडायच्या आत व्हिओलात दोन चुका निघाल्या, चेलोत एक. पहिला स्वर सगळ्यांत शेवटी आला. तिला त्याचे काहीच वाटले नाही.

सोमवारी नऊला तिने गठ्ठा छापखान्यात दिला. शुद्धिपत्र लागणार नाही याची खात्री तिला तेव्हाही नव्हती. घरी परतली तर दारात मेनर्ट उभे.

"माझा कागद ठेवायचा स्टँड विसरलो होतो," ते म्हणाले. मग जरा घुटमळून, "बाई, आता तरी सराव करू का?"

"करा," रोझविता म्हणाली. "पण परवा वाजवलेल्या त्या कागदांवरून नको, ते चुकीचे आहेत." तिने स्वतःच्या हाताने दुरुस्त केलेली प्रत आतून आणून दिली. "आणि डॉक्टरांना पहिल्या व्हायोलिनचं स्वरपत्र नेऊन द्या. दुसऱ्या भागातला विराम मी लाल पेन्सिलीनं गोल केलाय."

"डोळे मिटून वाजवतात ते."

"ठाऊक आहे मला," ती म्हणाली, आणि स्टँड त्यांच्या हाती देऊन तिने दार लावून घेतले.