पटकुटीची पाटी

थंडीत माणसाने कुठे जावं, याबद्दल माझं मत ठाम आहे: गोधडीत. तरीही मागच्या महिन्यात एका शनिवारी आम्ही ग्लॅम्पिंगला गेलो, कारण त्या जागेचं नाव मी ठेवलं होतं. नावं ठेवण्यात माझा हात कोणी धरू शकत नाही, पण नाव ठेवायला आयुष्यात प्रथमच कोणी बोलावलं होतं.

बोलावणारी शोभा, माझ्या बायकोची, म्हणजे विद्याची धाकटी बहीण. तिचा नवरा दत्ता महाळुंग्याला एका कंपनीत होता. त्याची प्रॉडक्शन लाइन गुजरातला हलली. तिकडे जायचं की राजीनामा द्यायचा, हे ठरवायला त्याला हिवाळ्यापुरती मुदत मिळाली. तेवढ्यात दोघांनी घरच्या माळावर तीन तंबू उभे केले. ग्लॅम्पिंग म्हणजे कॅम्पिंगच, पण पलंग, गीझर आणि कमोडसह. तंबू चालले तर दत्ता इथे, नाही चालले तर गुजरातला.

"भाऊजी, तुम्ही संस्कृतवाले. एखादं भारी नाव द्या ना," शोभा म्हणाली होती. मी खोलीचं दार लावून बसलो आणि 'पटकुटी' घेऊन बाहेर आलो. पट म्हणजे कापड, कुटी म्हणजे झोपडी. सोबत व्युत्पत्तीचा एक मेसेजही पाठवला. थोडा लांबला.

तुम्ही जाणार असाल तर कळकळीची सूचना: शिफ्ट सुटायच्या वेळी कुरुळी ते चाकण हा रस्ता धरू नका. पिंपळे सौदागरहून मोशीपर्यंत आम्ही सुखाने आलो आणि कुरुळीला एका कंटेनरच्या मागे स्थिरावलो. दोन थर्मल, त्यावर स्वेटर, वर माकडटोपी अशा हिमालयीन तयारीत मी बसलेलो, आणि बाहेर लख्ख ऊन. शेजारच्या कंपनीच्या बसमधून एकाने काच सरकवून विचारलं, "काका, बरं नाही का?"

चाकणला तळेगाव चौकात डावीकडे वळायचं, महाळुंगे मागे टाकायचं आणि मग उजवीकडे आत शिरायचं. तिथून पुढे मोबाइलच्या नकाशाने हात टेकले. एका टपरीवर गाडी थांबवून मी विचारलं, "पटकुटी कुठे आली हो?"

"काय कुटी?"

"तंबू. राहायचे तंबू."

"आं, पटकी व्हय! मग तसं म्हणा की राव. सरळ जावा, टाकीपासनं वर."

विद्याने माझ्याकडे पाहिलं. "काय म्हणाला तो?"

"अपभ्रंश. जिभेला सोपं पडतं तसं लोक बोलतात. भाषा अशीच जगते."

"अहो, पटकी म्हणजे कॉलरा!"

"तो जुन्या लोकांच्या बोलण्यात."

"टपरीवाला चाळिशीचासुद्धा नव्हता."

तंबू मात्र देखणे होते. पांढरंशुभ्र कापड, आत जाड रजई, कोपऱ्यात हीटर. दारात माझ्या शब्दाची निळी पाटी. मी तिच्याखाली उभा राहून फोटो काढून घेतला. दोघांचं भाडं जेवणासकट साडेतीन हजार, नातेवाइकांना माफ. अंधारून आल्यावर खाली दरीत दिव्यांचा पुंजका लुकलुकायला लागला. मी विद्याला म्हटलं, "जणू कृत्तिका उतरल्यात."

"कंपनीचं पेंट शॉप हाय ते," दत्ता म्हणाला. "सेकंड शिफ्ट."

जाहिरातीत 'चुलीवरचं घरचं जेवण' असं लिहिलेलं. दत्ताच्या आईच्या, आक्कांच्या हातची बाजरीची भाकरी आणि पिठलं हे निम्मं आकर्षण. समोर आलं ते हायवेवरच्या हॉटेलातलं पनीर, प्लास्टिकच्या डब्यांत.

"आक्कांना बरं नाही का?" मी विचारलं.

"बरं हाय की," दत्ता डब्याकडे बघत म्हणाला.

"पनीर गार होतंय, भाऊजी," शोभा म्हणाली.

विद्या थोरली बहीण असल्याने तिला पनीरने गप्प करता येत नाही. तिने एकच विचारलं, "शोभे, काय झालंय?"

मग निघालं ते असं. आदल्या शनिवारची मंडळी हेच डबे बघून सकाळचा चहासुद्धा न घेता निघून गेली. पुढची दोन बुकिंगं रद्द झाली. आणि पाटी लागली त्या दिवसापासून आक्कांनी तंबूतल्या पाहुण्यांसाठी चूल पेटवलेली नाही.

"मग मला का नाही सांगितलंत?"

"कसं सांगणार, भाऊजी? तुम्ही एवढ्या हौसेने नाव दिलंत. तुमचा तो मेसेज अजून माझा अर्धाच वाचून झालाय."

सकाळी माळावर दव इतकं होतं की मोजे ओले झाले. तसाच खाली घराकडे गेलो. आक्का कोवळ्या उन्हात बसल्या होत्या. "या पाव्हणं," म्हणाल्या. मी बसलो आणि त्यांना पट म्हणजे काय, कुटी म्हणजे काय, हे समजावलं. त्यांनी सगळं ऐकून घेतलं.

"चांगला हाय शबूद. पर लोक काय म्हणत्यात?"

मी ओले मोजे काढायला लागलो.

"हा माळ माझ्या मामाचा. मी ल्हान असताना गावात पटकी आली, तवा समदी हितं खोपी करून ऱ्हायलो. माझी थोरली भन हितंच गेली, एका दिसात. पुढं मला मामाच्याच घरात दिली." त्यांनी पदर सारखा केला. "आता त्याच माळावर मान्सं 'पटकी, पटकी' करत हसत येत्यात. त्यास्नी मी भाकऱ्या थापू?"

"मला बोलायचं होतंत, आक्का."

"सुनंच्या म्हायेरचा जावाई. कोन बोलनार तुमास्नी?"

दत्ताकडे पांढरा ऑइलपेंट होता. शिडी त्याने धरली, ब्रश मी घेतला. निळा 'प' दोन हात देऊनही आतून डोकावत राहिला. पाटी वाळायच्या आत खालून धूर निघाला, आणि दुपारी आम्ही पिठलं-भाकरी खाल्ली. तेवढ्यात कुरुळीहून कंपनीतली चार जणं मोटारसायकलवर नुसती चौकशीला आली. वास आल्यावर जेवायलाच बसली. "नाव काय हो जागेचं?" एकाने विचारलं.

"ठरायचंय," दत्ता म्हणाला.

"भावा, नाव राहू दे. पुढच्या शनिवारी तिन्ही तंबू आमचे."

संध्याकाळी घरी आलो. स्वेटरच्या बाहीवर ऑइलपेंटचा डाग आहे, तो जात नाही. थंडीचं विचाराल तर हीटरमुळे ती लागलीच नाही. दोन थर्मल मी केवळ तत्त्व म्हणून घातली. भाकरी मात्र अजून जिभेवर आहे.

काल शोभाचा फोन आला. दत्ताने कंपनीला नकार कळवला. पुढचे चार शनिवार भरलेत, आक्का आता पीठसुद्धा दुसऱ्या कोणाला मळू देत नाहीत.

"आणि भाऊजी, लोक आपल्याला 'कोरी पाटी' म्हणायला लागलेत. आक्कांनाही आवडलंय. तेच रंगवून घेऊ का पाटीवर?"

मी विचार करून म्हटलं, "रंगवलंस तर ती कोरी राहील का?"

शोभा म्हणाली, "ताईला फोन द्या."