टँकरचं लायसन्स आणि माणगावजवळचा वारा

दिवेआगरहून सकाळच्या एसटीने अलिबागला निघाले. गावची मासळी टेम्पोतून पोचवायचं काम मी करते. आता रसायनांचा टँकर चालवायचा होता. त्यासाठी प्रशिक्षण, परीक्षा आणि मग लायसन्सवर तशी नोंद लागते.

अलिबागच्या वर्गात मी एकटीच बाई. शिकवणारे सर अग्निशमन दलातून निवृत्त झालेले. टँकरवरच्या धोक्याच्या खुणा त्यांनी आमच्याकडून घोकून घेतल्या. "काही सांडलेलं दिसलं की आधी वारा कुठून येतोय ते बघा, वाफ त्याच्याबरोबरच येते. तुम्हीच पडलात तर पुढं कोण जाणार?" खानावळीत ताजे बोंबील आणि तांदळाची भाकरी मिळायची. संध्याकाळी ओहोटीच्या ओल्या वाळूत फिरून यायचे. परीक्षा पास झाले.

परतीच्या एसटीत शेजारी सुकट (वाळवलेली बारीक कोळंबी) विकणारी मावशी होती.

"टँकर चालवनार? तुला भ्या न्हाय वाटत?"

"वाटतं," मी म्हटलं.

माणगावच्या अलीकडे गाडी थांबली तसे सगळे खाली उतरलो. पुढे टँकर कलंडला होता. त्यावर लाल चौकटीत ज्वाळेची खूण, म्हणजे पेट घेणारा माल. खाली धार लागलेली. माणसं मोबाईल उंचावत पुढे सरकत होती. केबिनमध्ये ड्रायव्हरचा हात हलताना दिसला.

माझे पाय त्याच्याकडेच वळले. मग झाडांचे शेंडे पाहिले. वारा टँकरवरून आमच्या अंगावर येत होता. मी थांबले.

"मागे व्हा! विडी-काडी पेटवू नका!"

एकजण ओरडला, "माणूस मरतोय तिथं, आणि तू आम्हालाच मागं ढकलतेस?"

मावशीच पुढे झाली. "मागं सरा रं! ती शिकून आली हाय."

बरंच मागे जाऊन अग्निशमन दलाला फोन केला. मग शेतातून लांबचा वळसा घालून वारा जिकडून येत होता त्या बाजूला गेले आणि तिथूनच ओरडले, "दादा, काच फोडा! माझ्या आवाजाकडे या!"

बराच वेळ काही हललं नाही. मग लाथेने काच निखळली. तो सरपटत, लंगडत बांधापर्यंत आला. मी ओढणीने त्याचा पाय बांधला. बंब आला, टँकरवर फेस मारला गेला, आग लागली नाही.

घरी नवऱ्याने विचारलं, "पास?"

"पास," मी म्हटलं आणि भात टाकला.

तो ड्रायव्हर स्वतः बाहेर आला, म्हणून सगळे मला शाबासकी देतात. तो आला नसता, तरी मी बांधावरच उभी राहिले असते. एवढं कळूनही परवा लायसन्सवर नोंद करून घ्यायला जाणार आहे.