ईरण्णांच्या हातातला शिंगटा

ईरण्णा आमच्या घरासमोर राहायचे. कपाळाला विभूतीचे ठळक पट्टे, गळ्यात चांदीच्या करडग्यात, म्हणजे डबीत, इष्टलिंग, आणि अंड्याचं नुसतं नाव काढलं तरी चूळ भरायला उठणार. असा माणूस आठ वर्षं रोज सकाळी मासेमारीला जात होता, हे बाहेरगावच्या कुणाला सांगितलं तर तो आम्हालाच वेड्यात काढेल.

सुरुवात अठ्ठ्याण्णव साली झाली. मुलगा शिकून बेंगळूरला लागला आणि ईरण्णांनी कापडाचं दुकान बंद केलं, तेव्हाची गोष्ट. तलावापलीकडे एक लग्न होतं, एसटी चुकली, म्हणून ते लिंगाप्पाच्या पत्र्याच्या नावेत बसले. लिंगाप्पा जातीनं धनगर. मेंढरं विकल्यावर कोहिनूर गावच्या एका कोळ्याच्या हाताखाली तो गळ टाकायला शिकला होता. लग्न आटोपलं, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी ईरण्णा पुन्हा काठावर हजर.

"कामून आलाव अण्णा? आज बी लगीन हाय व्हय?"

"न्हाई रे. पाण्यावर गुडघे दुखंनात बघ."

तेव्हापासून त्यांचं ठरून गेलं. ईरण्णांनी वल्हं मारायचं, लिंगाप्पानं गळ टाकायचा. नावेच्या मधोमध बसायची आडवी फळी होती. तिच्या अलीकडे ईरण्णा, पलीकडे गळ, गांडुळांचा डबा, मासे आणि पाप. मासा वर आला की ईरण्णा काठावरच्या बाभळींकडे तोंड फिरवायचे, करडगं मुठीत धरायचे आणि हळूच विचारायचे, "केवढा हाय रे?"

घरी मात्र "मठात जाऊन येतो" असं सांगून निघायचे. मठ गावाच्या एका टोकाला, तलाव दुसऱ्या. त्यांच्या बायकोनं, निलम्माक्कांनी, आठ वर्षांत कधी विचारलं नाही. रोज फडक्यात चार भाकऱ्या आणि शेंगाची चटणी बांधून द्यायच्या. ईरण्णांना दोन पुरायच्या, उरलेल्या दोन लिंगाप्पा खायचा. मठात जाणाऱ्या माणसाला चार भाकऱ्या कशाला लागतात, हा प्रश्न ईरण्णांच्या डोक्यात कधी शिरला नाही. जन्मभर दुकान चालवलेला माणूस, पण घरात शुद्ध भोळा.

दोन हजार सहाच्या वैशाखात त्यांचा मुलगा महेशकुमार बेंगळूरहून आला. सून मल्लेश्वरी गरोदर होती. चौथ्या मजल्यावर मोठं घर घेतलेलं. आईवडिलांना कायमचं न्यायचं म्हणून त्यानं चार दिवसांनंतरची जीपही सांगून ठेवली होती. ईरण्णांना जायचं नव्हतं. पण ते त्यांनी कुणालाच सांगितलं नव्हतं. मुलानं विचारलं की "बघू की" म्हणायचे, आणि मुलगा तो होकार समजायचा. मला तर त्या "बघू की"चा रागच यायचा. तोंड असून मुका माणूस मला सोसत नाही.

निघायच्या आदल्या दिवशीही ते पहाटे नावेत जाऊन बसले. नावेतलं पुढचं सगळं मी लिंगाप्पाकडून ऐकलंय. त्याला तिखटमीठ लावून सांगता येत नाही, त्यामुळे ते खरं धरायला हरकत नाही.

उन्हाळ्यानं पाणी आत सरलं होतं. अशा दिवसांत शिंगटे मासे जुन्या ओढ्याच्या खोल पात्रात, तळाच्या गाळात पडून असतात. तिथं नाव उभी करून लिंगाप्पानं गळाची दोरी सोडली.

"पोराला सांगितलाव का?" लिंगाप्पानं विचारलं.

"काय सांगू? तुझ्या बापाला रोज नावेत बसायला पायजे, म्हणून सांगू? त्याच्या अव्वाला नातवंडाची आस लागलीय. मी आडवा येऊ व्हय?"

लिंगाप्पाला राग आला. दोस्त जाणार याचं दुःख होतंच, पण तो न बोलता जाणार याचा राग जास्त. तेवढ्यात दोरीला जबर ओढ बसली. बोटं कापत दोरी खाली धावली. लिंगाप्पानं ती कधी सोडत, कधी आवळत मासा दमवला आणि नावेच्या कडेला आणला. ईरण्णांनी सवयीनं बाभळींकडे तोंड केलं.

"केवढा हाय रे?"

"आज तुम्हीच बघा की!" लिंगाप्पा खेकसला.

ईरण्णा वळले. आठ वर्षांत पहिल्यांदा. हातभर लांब शिंगटा, काळपट हिरवी पाठ, चपटं डोकं, पाण्यात सावकाश हलणाऱ्या लांब मिशा. ईरण्णा बघतच राहिले. मग वल्हं खाली ठेवून त्यांनी फळीपलीकडे हात घातले.

"अण्णा, पोतं! पोत्यानं धरा!"

शिंगट्याच्या मिशा नुसत्या दिसायला. खरं हत्यार पाठीवर आणि दोन्ही गालांमागं, करवतीसारखा काटा. म्हणून तो पोत्यानं दाबून धरतात. ईरण्णांना हे ठाऊक होतं, रोज ऐकत होते. तरी त्यांनी उघड्या हातांनी त्याला उचललं आणि छातीशी धरलं. मासा तडफडला, अंगठ्याच्या मुळाशी काटा खोल घुसला. तरी सोडेनात. "किती गार हाय रे," एवढंच म्हणाले.

मग म्हणाले, "सोड याला, लिंगाप्पा."

त्या हंगामातला सगळ्यात मोठा मासा. लिंगाप्पानं एका शब्दानं कुरकूर केली नाही. तोंडातला गळ काढला आणि मासा पाण्यात सोडला.

परतताना वल्हं लिंगाप्पाच्या हातात होतं. ईरण्णांचा हात मनगटापर्यंत सुजला होता, विंचू चावल्यासारख्या कळा येत होत्या. डोळ्यांतून पाणी वाहत होतं, आणि त्या पाण्याबरोबर एकदाचं तोंडही सुटलं. "मला जायचं न्हाई रे."

"मला सांगून काय उपेग?" लिंगाप्पा म्हणाला.

दोघं घरी आले तेव्हा मी तिथंच होते, निलम्माक्कांबरोबर पापडांचे डबे भरत होते. ईरण्णा हात पाठीमागं धरून उंबऱ्यात उभे. काहीतरी थाप मारायच्या बेतात असावेत, पण चेहरा साथ देत नव्हता. निलम्माक्कांनी हात पुढं ओढून बघितला आणि चुलीवरचं ऊन पाणी पातेल्यात ओतलं.

"शिंगट्याचा काटा न्हवं? घाला हात. सोसंल तेवढं ऊन पायजे."

ईरण्णांचा आ वासलेलाच. "तुला कसं..."

"गिरणीत बाणूबाईला इचारून ठेवलंय मी. काटा लागला तर काय करायचं म्हणून. आठ वरसं झाली त्याला."

बाणूबाई म्हणजे लिंगाप्पाची बायको. ईरण्णांनी लिंगाप्पाकडे बघितलं, लिंगाप्पानं छताच्या पत्र्याकडे. महेशकुमारला काय चाललंय ते कळेना. "अप्पा, तुम्ही मासे धरायला जाताय?"

"धरत न्हवतो. बसत होतो." ईरण्णांचा हात पाण्यात होता. पोराकडे बघून ते सरळ म्हणाले, "महेश, मला यायचं न्हाई. तुझं घर चांगलं हाय. पर माझा जीव हितं रमतोय."

पोराचा चेहरा उतरला. त्यानं बापाच्या पूजेसाठी पूर्वेच्या खिडकीची खोली राखून ठेवली होती. त्याचं काही चुकलं नव्हतं, त्याची मला दया आली. त्यानं आईकडे बघितलं. "मग अव्वा, तू बी..."

"मी येनार," निलम्माक्का म्हणाल्या. "मला बाळ बघायचंय. ह्यास्नी तळं पायजे, मला बाळ पायजे. एकमेकासाठी दोघांनी मन कामून मारायचं?"

चाळीस वर्षांच्या संसारात या दोघांनी एक रात्रही वेगळी काढली नव्हती, हे आळीत सगळ्यांना माहीत होतं. ईरण्णांना जे हवं होतं ते मिळालं, आणि मिळताक्षणी ते पार खचून खाली बसले.

दुसऱ्या दिवशी सकाळी जीप आली. भाकरीचं निलम्माक्कांनी माझ्याकडे लावून दिलं होतं, औषधाच्या पुड्या कोनाड्यात मांडून ठेवल्या होत्या. लिंगाप्पानं सामान वर चढवलं. हळदीची पट्टी बांधलेला हात घेऊन ईरण्णा जीपभोवती फिरत होते. शाल घेतलीस का, गाडी लागली तर लिंबू कुठाय, पोचल्यावर शेजारी फोन कर. सगळं दोनदोनदा. हनुवटी थरथरत होती, पण दात आवळून धरलेले.

निलम्माक्कांनी खिडकीतून हात बाहेर काढला आणि त्यांचा चांगला हात धरला.

"मी गेल्यावर एकट्यानं रडत बसू नका," त्या म्हणाल्या. "रडायचं तर आत्ता रडा. मी हाय तवर."

आणि ईरण्णा रडले. सगळ्या आळीसमोर, मुलासमोर, खिडकीला कपाळ टेकून हमसून हमसून रडले. निलम्माक्का त्यांची पाठ थोपटत राहिल्या, आणि ड्रायव्हरनं चालू केलेली जीप बंद केली.