जांभळ्या दोऱ्याची गाठ

हे कुणाला पटणार नाही, आणि ज्याला पटेल त्याला मी स्वतः उठून चहा करून देईन. बत्तीस वर्षं एसटीत कंडक्टर होतो. घाटात आडवा बसलेला बिबट्या मी नुसती घंटी वाजवून उठवला होता, तेही कुणाला पटलं नाही. पण त्याला निदान गाडीभर माणसं साक्षीला होती. ती सगळी आता वारली, हा काही माझा दोष नव्हे. आजच्या गोष्टीला साक्षीदार एकच, आणि तिला जाऊन वर्ष होत आलं. माझी बायको, प्रमिला.

दुपारची वेळ आहे. जेवणं आटोपली आहेत. आमच्याकडच्या आठही जणांच्या गोळ्या पोटात गेल्यात आणि माणसं आडवी झालीत. मी मागच्या अंगणात, वाळत घातलेल्या कपड्यांच्या दोरीखाली खुर्ची टाकून बसलोय. डोळे मिटलेले नाहीत, धड उघडेही नाहीत.

या कपड्यांचं आधी सांगायला हवं. म्हाताऱ्यांचं हे घर आम्ही ठरवून सुरू केलं नाही. शेजारच्या गोदाक्कांचा मुलगा आईला आठवडाभर आमच्याकडे ठेवून गेला. तो आठवडा अजून चालू आहे. मग एकाचे तीन झाले, तिनाचे आठ. पाटी आम्ही लावलीच नाही. गावात सगळे 'कंडक्टरचं घर' म्हणतात. भंगारात निघालेल्या लाल गाड्यांचे दांडे आणून मी बोळात आणि न्हाणीत बसवले, म्हाताऱ्यांना धरायला. प्रमिलानं त्याहून मोठं काम केलं. आठ जणांचे कपडे एकत्र धुतले की कुणाचं काय ते कळेना. दुसऱ्याचा सदरा अंगात आला की माणूस हिरमुसायचा. ती म्हणायची, "या वयात आपलं म्हणावं असं उरतंच किती?" म्हणून तिनं प्रत्येकाला एकेक रंग दिला. गळ्यामागं आतल्या बाजूला त्या रंगाच्या दोऱ्याचे तीन टाके, आणि गाठ कापडाच्या घडीत लपवलेली, मानेला टोचू नये म्हणून. गोदाक्कांचा हिरवा. शिरसाट गुरुजींचा निळा. गुरुजींना स्वतःचं नाव आठवत नाही, पण सदऱ्याचा गळा उलटून निळा दोरा पाहिला की म्हणतात, "मीच की हा."

डब्यात एक जांभळं रीळ होतं. ते तिनं कुणालाच दिलं नाही.

मग तीच विसरायला लागली. आधी मीठ, मग वार, मग मी. रुक्साना पहिल्या वर्षापासून आमच्याकडे आहे; घर खरं तीच चालवते, मी नुसता बोलतो. ती म्हणाली, "अण्णा, काकूंच्या कपड्यांनाही दोरा घालू या." मी भडकलो. "ती काय इथं राहायला आलेली बाई आहे? मालकीण आहे ती." आणि जांभळं रीळ मी लपवून ठेवलं.

दोरीवरचे कपडे हलतात. वारा नाहीये. एक चादर बाजूला होते आणि मागून प्रमिला म्हणते, "अहो, बसायला जागा आहे का?"

मी वर बघतो तर ती कपड्यांची दोरी नाहीच, घंटीची दोरी आहे. मी आमच्याच बोळात दांडा धरून उभा आहे आणि बोळ धावतोय. खिडकीबाहेरून ज्वारीची रानं मागं पळतायत. आमची सगळी म्हातारी माणसं दोन-दोनच्या बाकांवर बसलीत. गुरुजींनी खिडकी पकडलीय. प्रमिला बायकांच्या जागेवर बसते. अंगात गोदाक्कांचा गाऊन.

"कुठं जायचंय?" मी विचारतो.

"जायचं कुठं? तिथूनच आले. तक्रार आहे माझी."

"कसली?"

"मला तिथं सगळे गोदाक्का म्हणतात."

मला हसू फुटतं.

"हसू नका. तिथं नाव विचारत नाहीत, गळा उलटून बघतात. हिरवा दोरा दिसला की झालं. चला गोदाक्का, जेवून घ्या. गोदाक्का, येईल हो तुमचा मुलगा. मी म्हणते, अहो, ती मी नव्हे. तर पाठीवर हात फिरवून सांगतात, सुरुवातीला सगळ्यांना असंच वाटतं."

माझं हसू विरतं. कारण ते खरं आहे. ती गेली त्या सकाळी तिच्या अंगात गोदाक्कांचा गाऊन होता. धुण्यात अदलाबदल झालेली. डॉक्टर येईपर्यंत मी तिची मान हातावर घेऊन बसलो होतो, तेव्हा गळ्यामागं मला तो हिरवा दोरा दिसला. रुक्सानानं नंतर नवं लुगडं नेसवलं. पण श्वास सुटला तो दुसऱ्या बाईच्या गाऊनमध्ये.

गाडी थांबत नाही, तरी आम्ही स्वयंपाकघरात आहोत. ती पाटावर बसून वरणभात मऊ कालवतेय.

"गुरुजींना गिळताना हनुवटी खाली घ्यायला सांगता ना?"

"सांगतो."

"तुम्ही?"

"रुक्साना सांगते."

"मग तसं म्हणा." ती हात धुते, पदराला पुसायला जाते, गाऊनला पदर नसतो. ओला हात तसाच राहतो. "रीळ कुठंय?"

"कुठलं रीळ?"

"मला थापा मारू नका. चाळीस वर्षं ऐकल्यात."

माझ्या खांद्याला कंडक्टरची चामडी पिशवी आहे. आत हात घालतो. तिकिटं नाहीत, शिट्टी नाही. जांभळं रीळ आहे, आणि सुई.

"मला वाटलं, दोरा घातला की तू त्यांच्यातली एक होशील," मी म्हणतो.

"आणि नाही घातला, तर कुणातली राहिले?"

मी रीळ तिच्यापुढं धरतो.

"ते रीळ मी आपल्यासाठीच ठेवलं होतं," ती म्हणते. "दोघांना मिळून एक रंग. कपाट तरी कधी वेगळं होतं आपलं?"

मी सुई ओवायला जातो. दोरा एकदा इकडून जातो, एकदा तिकडून. ती माझ्या हातातून घेते, टोक ओठात ओलं करते आणि एका झटक्यात ओवून परत देते. मग पाठ करून बसते आणि केस वर धरते. मानेवर तो तीळ आहे. वर्षभर मी तो विसरलो होतो, हे मला तो दिसल्यावर कळतं.

मी तीन टाके घालतो. वेडेवाकडे.

"टोचतंय का गं?"

"टोचू दे. माझं आहे एवढं तरी कळेल." मग ती वळते. "आता तुम्ही. हलू नका."

तिची बोटं गार आहेत. गळ्यामागं सुई आत जाते, बाहेर येते. एक. दोन. तिसऱ्याला कुणीतरी घंटी वाजवतं.

"माझं उतरायचं ठिकाण आलं," ती म्हणते. "आता नावानं हाक मारली तर ओ देता येईल मला."

मी दोरी ओढतो, पुन्हा पुन्हा ओढतो, गाडी थांबू नये म्हणून. आणि ओल्या चादरीचं टोक तोंडावर आपटतं. अंगण. ऊन. मानेला काहीतरी टोचतंय. सदऱ्याचा गळा उलटून बघतो. जांभळा दोरा. तीन टाके.

रुक्साना कपडे काढायला येते. मी तिला हे सगळं, बिबट्या सोडून, सांगतो. ती घड्या घालत ऐकते.

"हे बघ," मी गळा पुढं करतो. "तिचाच हात."

ती जवळ येते, बोटानं चाचपते.

"अण्णा, काकूंची गाठ कधी दिसायची नाही. ही वर आहे."

"गाडी हलत होती."

"आणि सकाळी माझ्याकडून सुई ओवून नेलीत ती?"

"बटण तुटलं होतं."

ती हातातला गाऊन घडी न करताच खांद्यावर टाकते. माझ्याकडे बघत नाही.

"चार दिवस रोज एक बटण तुटतंय. काल मी कपाट आवरलं, अण्णा. काकूंच्या एकूणएक झंपरांना गळ्यामागं जांभळा दोरा आहे. तीन-तीन टाके. आणि सगळ्या गाठी वर आहेत."